हॉइकमध्ये विरजण

नेटा टर्नबुलच्या गिरणीत
आठ विणयंत्रं आहेत, आणि त्यांना नक्षी सांगणारा
एकच संगणक, सत्त्याण्णव सालचा,
म्हाताऱ्याच्या दातासारखा पिवळा पडलेला.
सोमवारी तो उठला नाही.

"बनवणारी कंपनी?"
"बुडाली."
"बॅकअप?"
तिनं खिडकीतून टेव्हिअट नदीकडे बोट केलं.
"मागच्या पुरात. तळघरात होता."

आजच्या तयार सीड्या त्याला ओळख देईनात.
बत्तीस बिटांचा? तसलं कोणी आता इथं राहत नाही.
मग सोर्सपासून सुरुवात.

बाबा इचलकरंजीत जॉबर होते.
मागाचा भाग बाजारात मिळेना की
पोलादाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून
कानस चालवत बसायचे, रात्र रात्र.
आईला म्हणायचे, तू झोप,
हे अजून मापात यायचंय.

कर्नल हजारो प्रश्न विचारतो,
स्थळाची चौकशी करायला आलेल्या काकासारखा.
ब्लूटूथ हवं? नाही.
आवाज? नाही. कॅमेरा? नाही.
जुन्या स्कझी कार्डाचा ड्रायव्हर?
हवा. तोच तर हवा.
एकाच दारापर्यंत जायचं
तर किल्ल्यांचा जुडगा कशाला?

कंपायलर बांधायला आधी कंपायलर लागतो.
नेटाला हे पटेना.
मी म्हणालो, दही लावायला दही लागतं.
माझी आई शेजारणीकडून वाटीत आणायची,
शेजारणीनं आणलेलं तिच्या माहेरून,
आणि त्याच्या आधीचं कोणी लावलं, कोण जाणे.
"मग असं सांग की," ती म्हणाली,
आणि चहाचं पाणी ठेवलं.

पावणेचारलाच अंधार.
लोकरीच्या तेलाचा वास, बोटं गार.
पडद्यावर ओळी वर सरकतात, वर सरकतात,
कुठल्या कुठल्या माणसांनी लिहिलेल्या.
एकानं मध्येच टीप ठेवलीय:
हे का चालतं मला माहीत नाही, हात लावू नका.
मी लावला नाही.

रात्री दहा. पहिली सीडी.
कर्नल पॅनिक.
दुसरी.
कर्नल पॅनिक.
सव्वाअकराला सापडलं. सगळ्यांत आधी उठून
बाकीच्यांना उठवणारी ती फाईल, इनिट,
तिला चालायची परवानगीच मी दिली नव्हती.
बिचारी बसून होती.
मी कपाळावर हात मारला, नेटा दचकली.
"काही नाही. माझंच."

तिसरी.
काळ्या पडद्यावर एक हॅश,
शेजारी लुकलुकणारा कर्सर. बस.
ना खिडक्या, ना रंग. एका पळीचं, एका चिमट्याचं
बिऱ्हाड, रॅममध्ये मांडलेलं,
मेलेल्या डिस्कला न शिवता.
आता शिवायचं होतं,
दोन्ही अर्थांनी.

सेक्टरमागून सेक्टर.
खरखरलं की ओलांडायचं,
मग मागून येऊन परत विचारायचं, हळू,
शुद्धीवर येणाऱ्याला नाव विचारतात तसं.
पहाटेपर्यंत दोनशे अकरा नक्ष्या आल्या.
एकोणतीस आल्या नाहीत.

नेटानं यादी घेतली, चष्मा कपाळावर सारला.
"ही गेली ते बरं झालं, भिकार होती.
ही कधी खपलीच नाही.
ही आर्चीची."
मग ग्राफचा कागद ओढून
पेन्सिलीनं चौकटी भरायला लागली,
पुटपुटत, भराभर,
बावीस काळे, दोन निळे, बावीस काळे,
साठाव्या ओळीपर्यंत.
तिथं थांबली.
"पुढचं आठवत नाही."
पेन्सिल तशीच टेकवलेली.
मी कप विसळायला गेलो.

साताला पहिलं यंत्र खडखडलं,
मग दुसरं. मुली कोट काढत आत आल्या,
कोणी काही विचारलं नाही.

सीडी सुयांच्या पत्र्याच्या डब्यात गेली.
वर तिनं मार्करनं लिहिलं: दही.
तारीख घातली.
आणि खाली, मी सांगितलं नव्हतं तरी,
बारीक अक्षरात: संपू देऊ नये.