टाचण्या

आईच्या मागे माझ्या नावावर आलं
ते एवढंच: टाचण्यांचा पत्र्याचा डबा.
मोजून झाल्यावर मंडळाच्या बायका म्हणाल्या,
वहीत तीनशे सोळा आहेत, इथे तीनशे बारा.
चार कमी.
आणि डबा मात्र चर्चचा, तो इथेच राहील.

बेनारेहोत, ऑलिव्हच्या टेकड्यांमध्ये,
माझी आई कासिल्दा तेहेतीस वर्षं
पवित्र मरियेला कपडे घालत होती.
दार लावून. पुरुषाने पाहायचं नाही.
मी तेव्हा सात वर्षांचा पुरुष होतो,
बाहेरच्या थंड बाकावर,
खिशात पावाचा तुकडा.

मखमलीचा झगा सोळा किलोंचा.
चेहऱ्याभोवतीची लेस चुणी चुणी करून टाचायची,
ओठांत टाचण्या धरून.
घरीसुद्धा ती फार बोलत नसे.
मला वाटायचं, अजून तोंडात असतील.

ज्या रात्री मला चाळीस ताप होता
त्या रात्री वेदीमागे बाह्या बदलायच्या होत्या.
शेजारच्या ओब्दुलियाने
व्हिनेगरच्या घड्या ठेवल्या कपाळावर.
माझ्या लग्नाला आई आली नाही.
तारीख मरियेच्या वाढदिवसाला खेटून होती,
आणि तिने असं लिहिलं, की जणू मीच चुकलो.

उजव्या भिंतीला मुलगा होता, क्रुसावर.
त्याच्या बरगड्यांत कोळ्याची जाळी,
गुडघ्यांवर मेणात रुतलेली धूळ.
मिस्सा संपली की लोक त्याच्यासमोरून
वळून तिच्याकडे जात,
जाता जाता त्याला मान हलवत
जशी बँकेच्या दारातल्या शिपायाला हलवतात.
मी त्याच्याकडे बघत बसायचो.
एकाच घरचे असल्यासारखे आम्ही दोघं.

पुढे काँगोहून नवे फादर आले.
हळूच म्हणाले, कासिल्दा, ती वाट आहे, मुक्काम नव्हे.
आई म्हणाली, वाट झाडायला तरी कुणी हवं ना, फादर.
हे मला फोनवर सांगून ती हसली.
मी हसलो नाही.

परवा, मातीनंतर, मी आत शिरलो.
बायका ओरडल्या. मग एकीने पाठ फिरवली,
मग सगळ्यांनीच.
झगा उतरवलेला होता.
मानेपर्यंत बाई. मनगटापुढे हात.
मध्ये काही नाही.
पाइनच्या पट्ट्या, खिळे,
कोंबड्यांच्या खुराड्यासारखा सांगाडा.
याच्यासाठी? म्हणालो मी. बहुतेक मोठ्याने.

मग दिसलं. आतल्या बाजूला, डावीकडे,
जिथे वाकल्याशिवाय हात पोचत नाही:
चिंधीत शिवलेला माझा दुधाचा दात.
झारागोसाहून पाठवलेलं पहिलं पत्र, पाच ओळींचं.
लग्नपत्रिकेचा कोपरा.
आणि एक चिठ्ठी. तारीख. खाली तिच्या अक्षरात
चाळीस.
त्याखाली, वेगळ्या शाईत, पहाटे अडतीस.

म्हणजे ती येऊन गेली होती?
की कुणाला पाठवून विचारत राहिली?
ओब्दुलियाही आता नाही.

मला हे पुरत नाही. आजही म्हणेन.
कपाळावर हात हवा होता मला,
पोकळीत चिठ्ठी नको होती.

फादर दारात उभे होते. विचारलं त्यांना,
हे फार झालं, नाही?
ते बराच वेळ त्या पट्ट्यांकडे बघत राहिले.
म्हणाले, शिडी आहे मागे. जाळी काढू या त्याची,
मला एकट्याला जमत नाही.

मी चढलो. फादरनी शिडी धरली.
डब्यातल्या आईच्या फडक्याने
एकेक बरगडी पुसली.
लाकूड अजून पिवळं होतं आतून.

चार टाचण्यांचं मी कुणाला सांगितलं नाही.
आणि खाली बायका पुन्हा झगा चढवत होत्या,
ओठांत टाचण्या धरून,
त्यामुळे कुणी काही बोललंच नाही.