आवाज येतोय का

आमच्या पूर्व भागात मूल जन्मलं
की पहिली अंगाई माग म्हणतो.
भिंतीपलीकडे आठ माग, खट् खट् खट् खट्,
सतरा वर्षं मी त्या आवाजावर डोकं टेकून झोपलो.
पुण्याचे पाहुणे सकाळी लाल डोळ्यांनी विचारायचे,
तुम्ही झोपता तरी कसे?
आम्ही हसायचो.

मग मार्चातल्या एका संध्याकाळी
नानांनी पट्टे उतरवले
आणि गल्ली इतकी गप्प झाली
की गुंडलांच्या तेलात मोहरी पडलेली ऐकू आली.
पहिल्या रात्री मजा वाटली.
चौथ्या रात्री मी उठून पंखा पाचवर केला,
मग पाण्याची मोटर लावली.
अम्मा म्हणाली, वेड लागलं का,
नळाला पाणी परवा.

बारावी एका मोबाइलवर झाली,
माझी, आणि त्यातच पद्मजाची सातवी.
यल्लट्टी सर रोज विचारायचे,
आवाज येतोय का?
साठ काळे चौकोन.
कुणीतरी लिहायचं, येतोय सर.
मी तेवढंही नाही.
खरं तर मला येत नव्हता.
नेटचं म्हणत नाहीये.

परीक्षा झालीच नाही.
एक्क्याऐंशी टक्के आले,
लग्नाला न जाता घरपोच आलेल्या बुंदीसारखे.
अजून मुलाखतीत विचारतात,
म्हणजे कोरोना बॅच का?
ते हसतात. मीही हसतो.
सराव आहे.

नागेश येमूल अजून
माडीवरच्या खोलीतून खाली येत नाही.
मेसेज केला की अंगठा पाठवतो.
बरा आहेस का? अंगठा.
जेवलास का? अंगठा.

माग सुरू झाले. आठातले पाच.
तीन भंगारात गेले, किलोच्या भावाने.
लोक म्हणाले, चला, झालं पूर्वीसारखं.
आवाज परत आला,
झोप वाटेत कुठे उतरली कोण जाणे.
आता प्रत्येक खट् मला वेगळा ऐकू येतो,
मी मोजतो.

सिव्हिलमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधीपासून?
मी म्हणालो, पट्टे उतरवल्यापासून.
त्यांनी मान वर करून पाहिलं,
मग लिहिलं: अर्धी गोळी, जेवणानंतर.

नानांची ख्याती अशी
की आठही माग चालू असताना
पाठमोरे उभे राहून सांगायचे,
तिसऱ्यावर धागा तुटला.
ती दोन वर्षं
माझं अंथरूण त्यांच्या अंथरुणाला लागून होतं.
शांततेत त्यांना ऐकू येत नसावं.

काल रात्री दोनला ते गच्चीवर आले.
सिमेंट अजून दुपारचं गरम.
बसले. तंबाखू काढली नाही.
अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवत राहिले,
गाठ मारताना फिरवतात तसे,
मध्ये धागा नव्हता.

"निद्र रालेदा?"

मी ओठ हलवले,
माइक बंद असल्यासारखे.

ते जवळ सरकले. म्हणाले,
खाली माग चालू आहेत रे,
जरा मोठ्यानं.