बोट आली की

सव्वानऊला ती आली, यारी रोडच्या आमच्या दुकानात,
नाक लाल, गळ्याभोवती लोकरीचा स्कार्फ,
एप्रिलमध्ये.
चिठ्ठी काउंटरवर ठेवली,
पण तिच्यावरचा हात काढला नाही.

"हे मला खरंच लागणार आहे का?"

एकवीस वर्षं मी या काउंटरमागे उभी आहे.
लोकांनी विचारलंय, जेवणाआधी की नंतर,
यातलं स्वस्तातलं आहे का,
याच्यावर दारू चालते का,
बदलून मिळेल का.
हा प्रश्न कुणी आणला नव्हता.

काद्री तिचं नाव, एस्टोनियाची.
(नंतर मुलाच्या नकाशात शोधला तो देश.
समुद्राकाठी, करंगळीच्या नखाएवढा.)
इथल्या शाळेत पियानो शिकवते.
म्हणाली, आमचे डॉक्टर आधी बोटातून थेंबभर रक्त घेतात,
आकडा बघतात, आणि बहुतेकदा म्हणतात,
घरी जा, झोप,
पाच दिवसांनी ये, यावंसं वाटलं तर.
"तुमच्या डॉक्टरांनी घशात टॉर्च मारला.
चार सेकंद. मी मोजले."

पियानोवाली. मोजणारच.

राग हट्टंगडी डॉक्टरांचा यायला हवा होता की तिचा,
मला ठरवता येईना.
रात्री आठला त्यांच्या बाकावर पस्तीस माणसं असतात.
त्यातल्या एकाला नुसत्या गुळण्या सांगून पाठवलं
तर तो पलीकडच्या गल्लीत जाऊन सुई टोचून घेतो
आणि चार जणांना सांगतो,
हट्टंगडींच्या हाताला आता गुण राहिला नाही.

मी म्हणाले, मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही.
हे वाक्य मला झोपेतही येतं.
"म्हणून तर तुम्हाला विचारतेय," ती म्हणाली.

तेवढ्यात भानुमती टपके आल्या, वेसाव्याच्या,
टोपली बाहेरच्या पायरीवर ठेवून.
ह्यांच्या पायात शिंगाळ्याचा काटा गेलाय, पाय सुजलाय.
परवाची ती मोठी पांढरी गोळी,
दोन दे.
दोन घेतल्या की ठणका बसतो.

चिठ्ठी जुनीच, घामाने मऊ पडलेली.
तिच्यावर दहा लिहिलेत. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ.
आणि काद्रीच्या हाताखालीही तेच नाव, तेवढेच दहा.

कात्री माझ्या हातात कधी आली, मला कळत नाही,
कधीच कळलेलं नाही.
पट्टी कापली की तारीख आमच्याकडच्या तुकड्यावर राहते.
गिऱ्हाइकाकडे जातात दोन गोळ्या
आणि नावाचं शेपूट.

काद्री बघत होती. "बाकीच्या आठ?"
मी बिल करत राहिले.
"काय बोलते गो ती?"
विचारतेय, उरलेल्या आठ कधी नेणार.
टपकेबाई हसल्या, पदराच्या गाठीतून नोट काढली.
"सांग तिला, बोट आली की."

मी सांगितलं.
काद्रीने मान डोलावली, हळू, आदराने.
तिला ती आमच्याकडची म्हण वाटली असावी.

टपकेबाई गेल्यावर मी काउंटरवर वाकले
आणि एकवीस वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलले, हळूच,
मालक आत हिशेबाला बसले होते :
डॉक्टरांना उद्या फोन कर. विचार, दोन दिवस थांबलं तर चालेल का.
ताप चढला, गिळता येईना झालं, तर थांबू नकोस.
तापाची गोळी घे. मीठ घरी असेलच.

अकरा रुपयांचं बिल झालं.
चिठ्ठी घडी करून तिने स्कार्फच्या आत कुठेतरी ठेवली.

हे मी तिला सांगू शकले.
ती मोजते, तिच्याकडे फोन आहे, दोन दिवस आहेत.
टपकेबाईंना काय सांगणार होते?
पुरे दहा घ्या, हे मी सांगितलंय.
सांगताना कात्री चालूच होती.

शटर ओढण्याआधी खालचा खण उघडला.
कापलेल्या पट्ट्या, कुणाच्या सहा, कुणाच्या सात,
कुणाकुणाचे न झालेले दिवस,
तारखेसकट.
त्यातून त्या आठ बाजूला काढल्या,
रबरबँड लावला,
आणि चिठोरीवर, नाव लिहायचं तिथे, लिहिलं :
बोट.