तीस किलोमीटरपर्यंत

एल्डोरेटची आमची प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीचं गोदाम.
मक्याचा वास अजून भिंतींत आहे.
मधोमध ट्रेडमिल, शेजारी श्वास मोजणारं यंत्र,
कोपऱ्यात जनरेटर,
जो परवा अकराव्या मिनिटाला डिझेल संपून गप्प झाला
आणि चार नंबरचा धावपटू तोंडावर आपटता आपटता वाचला.
माझा आठवडा मात्र गेला.

एम.एस्सी.चा विषय: एक किलोमीटर पळायला
किलोभर देहाला प्राणवायू किती लागतो.
आई विचारते, एवढ्याला दोन वर्षं?
मी म्हणते, गाडी जशी ॲव्हरेज देते, तसं माणसाचं.
ती म्हणते, मग पळव त्याला आणि जेवतो किती ते बघ.
(सरांनी यावरच दोन पेपर छापलेत. शब्द तेवढे वेगळे.)

अकरा जण. नावं लिहायची नाहीत, असा नियम.
म्हणून तो सात नंबर.
पण किमोसोपला मी लहानपणापासून ओळखते,
आमच्या शाळेच्या वळणापलीकडचं घर.
शर्यतीत तो ससा असतो.
पैसे घ्यायचे आणि पुढे पळायचं,
वारा आपल्या छातीवर, वेग मागच्यांच्या पदरात,
आणि तिसाव्या किलोमीटरला कडेला व्हायचं
कॅमेऱ्याच्या बाहेर,
लग्नातले वाजंत्री मांडवाच्या दाराशी थांबतात तसं.

मास्क चढवला. ताशी सोळा. अठरा. वीस.
पट्ट्यावर पावलं वाजतच नव्हती,
कुणी ओल्या फडक्याने पाटी पुसत असावं, इतपत.
आकडा आला तेव्हा वाटलं, यंत्र चुकलं.
गॅसची टाकी जोडून पुन्हा जुळवणी केली. तोच आकडा.
तिसऱ्यांदा उपाशीपोटी बोलावला. दशांशाचा फरक.
पाच नंबरच्या घरी तीन पदकं आणि एक पांढरी जीप आहे,
तोही याच्या बराच मागे.

सर म्हणाले, बाहेर पडलेला ठिपका आहे हा.
वगळून गणित कर, रेषा सरळ येईल.
केलं. आली.
इस्त्री केल्यासारखी.

शनिवारी तो बसभाडं घ्यायला आला.
सही करता करता म्हणाला,
"जेबिवोट, माझ्यामुळे मास्क बिघडला का?
तीनदा बोलावलंस."
आकडे सांगायची मुभा नाही. मी नाही म्हटलं, एवढंच.
मग विचारलं, तू शेवटपर्यंत कधीच का पळाला नाहीस?
हा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत नाही.

तो हसला. दातांवर आमच्या पाण्याचे तपकिरी डाग.
"तिसापर्यंतचे पैसे ठरलेले असतात.
त्यात पत्रे झाले, दोन कालवडी झाल्या,
धाकटीची नर्सिंगची फी चाललीये.
पुढच्या बाराचे कोण देणार?
जिंकलो तर, म्हणतात.
जर-तर घेऊन मी कधी घरी गेलेलो नाही."

दारापर्यंत जाऊन परत वळला.
"एकदा एका परक्या गावी थांबायचं राहूनच गेलं.
चौतिसाव्यापर्यंत गेलो.
मॅनेजर मोटरसायकलवरून ओरडत होता.
मग लाज वाटली."
कराराची?
"नाही गं.
पाय दमले नव्हते, त्याची."

रात्री तक्ता उघडून सातवी ओळ परत घातली.
रेषा वाकली, माझा निष्कर्षही थोडा वाकला.
सर सोमवारी काय म्हणतील, ठाऊक आहे.
तळटीप मात्र लिहून ठेवली:
सात नंबरची चाचणी थकव्यापर्यंत नेता आली नाही.
आमचा पट्टा याहून वेगाने फिरत नाही.