पट्टा सोडून ठेव

हेल्डुरने किल्ल्या टेबलावर ठेवल्या
आणि सांगायला सुरुवात केली ती भलत्याच ठिकाणाहून:
रॅकच्या मागे ती निळी केबल आहे ना,
बत्तीस नंबरची,
ती कुठे जाते मला माहीत नाही.
एकोणीस वर्षांत उपसायचा धीर झाला नाही.
तूही उपसू नकोस. निदान शुक्रवारी तरी.

हाप्सालुच्या इस्पितळाचं तळघर.
वर क्ष-किरण, त्याच्यावर बाळंतिणी,
खाली आम्ही दोघं आणि पंख्यांची घरघर.
खिडकी नाही. समुद्र गोठला की नाही
ते मला त्याच्या बुटांवरून कळायचं.

मी वहीत लिहून घेत होते,
पासवर्ड नाही, तारखा:
कुठलं प्रमाणपत्र कधी संपतं,
कुठला खोका बंद केला तर उठायला चाळीस मिनिटं घेतो
आणि त्या चाळीस मिनिटांत
कुणाकुणाचा फोन उचलायचा नाही.

बातम्या मी आणायचे. त्याला नको असायच्या.
आपलं स्टोरेज बनवणारी कंपनी विकली गेली, म्हटलं.
तिसऱ्यांदा, तो म्हणाला. दरवेळी लोगो गोल होतो
आणि परवाना महाग.
टार्टूत दोनशे जणांना घरी बसवलं,
पत्राचा विषय होता ‘नव्या वाटेवर’.
तेव्हा मात्र थांबला. चष्मा पुसला.
त्यातल्या एकाने एकदा रात्रभर
फोनवर माझ्याबरोबर जागून काढली होती, म्हणाला.
नाव विचारायचं राहिलं.
आवाज ओळखेन.

हिरव्या दिव्यावर विसंबू नकोस.
हे तीनदा सांगितलं.
मी शाळेत होते त्या वर्षी
दिवा रोज हिरवा, अहवाल रोज चोख,
आणि अकरा महिने टेपवर काहीच उतरत नव्हतं.
कळलं तेव्हा डिस्क गेलेली.
मग?
मग काय, देव पाण्यात घालून बसलो.
लाइने नावाची परिचारिका होती, कॉम्प्युटरवर तिचा राग,
सगळं कागदावर लिहून ठेवायची.
तिच्या रागाने तारलं आपल्याला.
ध्यानात ठेव, काइदी,
प्रत ती, जी परत येते.
बाकी नुसती टेप.

दुपारी आठवड्याची पेटी घेऊन निघालो,
वोर्म्सी बेटावरच्या दवाखान्याच्या तिजोरीत ठेवायला.
किनारा संपला, चाकांचा आवाज बदलला.
त्याने पट्टा सोडला. मला म्हणाला, सोड.
सगळीकडे बांधायचा, बर्फावर नाही.
फुटलाच तर दार उघडायला
एवढाच वेळ असतो.
आणि वेग पंचवीसच्या खाली, नाहीतर चाळीसच्या वर.
मधला धरलास तर खालची लाट
गाडीशी ताल जुळवते
आणि रस्ता आतून तुटतो.
हे कुणी ठरवलं, मी विचारलं.
बुडालं असेल कुणीतरी, तो म्हणाला,
आणि कुणीतरी लिहून ठेवलं असेल.
बेट येईपर्यंत आम्ही काही बोललो नाही.
पेटी माझ्या मांडीवर, बाळासारखी नाही,
पेटीसारखीच, जड आणि थंड.

सोमवारी एकटी आले.
खुर्चीची उंची त्याचीच होती, ती तशीच ठेवली.
वहीत पहिली ओळ लिहिली:
बत्तीस नंबर, निळी. कुठे जाते माहीत नाही.
हेल्डुरलाही नव्हतं. तारीख, सही.
मग दिवा हिरवा असताना,
कुणी मागितलं नसताना,
जुन्या टेपवरून एक फाइल परत मागवली,
हाताला लागेल ती.
सात मिनिटं. पंखे. वर कुठेतरी ढकलगाडीची चाकं.
उघडली.
खानावळीचा तक्ता, कुठल्याशा फेब्रुवारीचा:
मंगळवार. वाटाण्याचं सूप,
सायीचे गोड पाव,
आणि खाली टीप, पाव कमी आहेत,
रात्रपाळीसाठी दोन बाजूला ठेवा.