गाभ्याचं पाणी

बर्फ बाहेरून आत गोठतो.
हे मला वडिलांनी सांगितलं,
भवानी पेठेतल्या कारखान्यात,
लोखंडी आकड्याच्या टोकानं लादी ठोकत.
"ऐक. कडेला टणटण. मधे ढप्प.
मधे अजून पाणी आहे."

मिठाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेले डबे,
अमोनियानं चुरचुरणारे डोळे,
आणि रात्रपाळीत ते डब्याडब्यापाशी वाकून
रबरी नळीनं गाभ्यातलं पाणी ओढून काढायचे.
गोठताना बर्फ स्वतः गोड राहतो,
सगळा क्षार आत आत ढकलत नेतो.
तो उपसला नाही तर लादी पोटात पांढरी पडते
आणि गणेश पेठेतले मासळीवाले दर पाडतात.
थुंकण्याआधी ते पाणी जिभेवर घोळवायचे :
"आज मुठेचं." "आज बोअरचं."
कधी चुकल्याचं मला आठवत नाही.
मी नऊ वर्षांची होते. तपासणार कोण?

आता माझ्याकडे एक चंद्र आहे.
म्हणजे, त्याचे आकडे आहेत.
युरोपा. साडेतीन दिवसांत गुरूभोवती एक फेरी,
आणि दर फेरीला गुरू त्याला
कणकेच्या गोळ्यासारखा जरा दाबतो, जरा सोडतो.
त्या मळण्याचीच ऊब
आतलं पाणी गोठू देत नाही.
वर बर्फ : पुण्यापासून दिवे घाटाइतका जाड
की पार सासवडपर्यंत, यावर आमची भांडणं चालू आहेत.
खाली समुद्र,
आपले सगळे समुद्र दोनदा ओतले तर होईल बहुधा तेवढा,
ज्याला कधी किनारा मिळाला नाही.
पाहिला कुणीच नाही.
फक्त गुरूचं चुंबकक्षेत्र डुलतं तेव्हा
चंद्राच्या पोटातून एक बारीक, उलटं उत्तर येतं.
खारं पाणी असल्याशिवाय तसं येत नसतं.
टणटण. ढप्प.
शोधनिबंधात हे शब्द मी लिहिलेले नाहीत.

त्या गुरुवारी आमच्याकडे पाणी नव्हतं.
जलवाहिनीची दुरुस्ती, वरून वीजही गेलेली.
गुरूच्या वारी शहर कोरडं,
हा विनोद मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगते,
आणि दर वर्षी एकटी हसते.
वडिलांना घरी कसं ठेवायचं, म्हणून रिक्षात घातलं
आणि पाषाणच्या प्रयोगशाळेत आणलं.

तळघरातल्या थंड कपाटात आमची लादी होती,
घागरीएवढी, अर्धवट गोठलेली,
उज्मा जिला चार दिवस यंत्रात दाबत होती, सोडत होती,
तडे मोजत होती.
त्यांनी न विचारता बोटाच्या पेरानं ठोकली.
उजव्या हाताची दोन पेरं कारखान्यातच राहिली,
म्हणून डाव्या हाताच्या.
कान टेकवला. मग मला नाही, उज्माला म्हणाले,
"पोरी, हिचा गाभा काढायला झालाय."

तिनं सुई घातली. नळीतून थेंब आला.
कुणी अडवायच्या आत तो त्यांच्या जिभेवर होता.
"कडवट," म्हणाले.
जरा थांबून, "हे पुण्याचं नाही."
"नाही."
"मग कुठलं?"
खरं तर रविवार पेठेतल्या दुकानातलं मॅग्नेशियम सल्फेट,
पाच किलोची पिशवी, पावती फाइलला लावलेली.
मी म्हटलं, "गुरूजवळचं."
त्यांनी मान हलवली. हिशेब केला.
"इतक्या लांबून टँकर परवडतो का?"

यान वाटेत आहे.
ते पोचेल तेव्हा वडील चौऱ्याऐंशीचे असतील,
किंवा.

उज्मानं वही उघडली.
तापमान, दाब, तडे, वेळ.
चवीचा रकाना नव्हता.
तिनं पेन्सिलीनं रेघ ओढून एक केला,
त्यात लिहिलं "कडवट",
आणि निरीक्षकाच्या नावापाशी थांबून विचारलं,
"बाबा, आल्हाट कसं लिहिता,
ल पूर्ण की अर्धा?"