पाण्याची रेघ

पंचेचाळीस वर्षं मी एकच वाक्य बोललो:
हनुवटी थोडी खाली. हं. आता हलू नका.
मारुती रोड, पद्मा फोटो स्टुडिओ,
शेजारी भांड्यांचं दुकान, त्यामुळं प्रत्येक फोटोत
चेहऱ्यावर कुठंतरी ठोक्याचा आवाज.

मग एक दिवस मुदत ठेव मोडली.
मुलगा म्हणाला, अण्णा, एवढ्यात दोन गुंठे आले असते.
आले असते, म्हटलं,
आणि दक्षिणेकडं जाणाऱ्या बोटीत बसलो.
त्याआधी आमची दक्षिण निपाणीला संपायची.

दोन दिवस नुसत्या ओकाऱ्या.
कुमुदनं दिलेल्या सुंठेच्या गोळ्या संपल्या.
तिसऱ्या दिवशी पहाटे डेकवर गेलो,
पहाट आपली म्हणायची, रात्र झालीच नव्हती.

तो समोर होता.
मार्केट यार्डातली हळदीची सगळी गोदामं
एकावर एक रचली तरी
त्याच्या खांद्याला पोचली नसती.
सवयीनं म्हणालो, हलू नका.
तो कुठं हलत होता?
हलत होतो आम्ही.

कॅमेऱ्यातला मीटर पांढऱ्याला घाबरतो.
पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला,
आणि सगळ्याची राख करून ठेवतो.
बोटीवरची पोरं वैतागली होती, लाखालाखाच्या लेन्सा,
आणि बर्फ राखाडी.
मला हे आक्काताई मगदूमनी शिकवलेलं.
पेन्शनच्या फोटोला आल्या होत्या,
पांढरं लुगडं, मागं पांढरा पडदा, केसही तसलेच.
तीन फ्रेम वाया गेल्या, तेव्हा कळलं,
पांढऱ्याला पांढरं राहू द्यायचं
तर यंत्र सांगतं त्याहून जास्त उजेड द्यायचा.
दीड स्टॉप.
म्हाताऱ्या माणसांना तेवढा द्यावाच.

तोच दीड स्टॉप मी हिमनगाला दिला.
आणि त्याच्या पोटातलं निळं वर आलं,
धुण्याच्या शेवटच्या पाण्यात
नीळ नुकती सोडावी, हात अजून फिरवला नसावा, तसं.

फोकसची रिंग फिरवताना बोटाला पिवळं लागलं.
हळद.
कुठल्या सौद्यात शिरली होती, कोण जाणे.
पुसली नाही.

दहावा हिस्साच वर दिसतो, गाईड पोरगी सांगत होती.
मला म्हणायचं होतं, बाई,
पासपोर्ट फोटोत तेवढासुद्धा येत नाही.
इंग्रजी जुळवेपर्यंत ती पुढं गेली.

आणि मग एक कडा सुटला.
आधी पडताना दिसला, आवाज मागनं आला.
बटणावर बोट होतं. दाबलं नाही.
एकोणीसच्या पुरातही असाच उभा होतो
भांडीवाल्याच्या माडीवर,
निगेटिव्हांचे डबे तरंगत दारापर्यंत आले,
जरा थांबले, आणि रस्त्याला लागले.
सांगलीतली निम्मी लग्नं त्यांत होती.

परत आल्यावर एकच फोटो मोठा केला, चार फुटी.
बाबूशेठ सारडा म्हणाले, मिठागर का हो?
एका नवरीनं विचारलं, असलं थर्माकोलचं
स्टेजला कोण करून देतं?
मी पत्ता सांगितला नाही, एवढंच.

शांतू खिळा घेऊन उभा, किती उंचीवर ठोकू?
भिंतीवर पुराची रेघ आहे.
दोनदा रंग दिला, तरी वर येते.
म्हटलं, बर्फ पाण्याला टेकतो ना,
ती कड या रेघेवर आण.
त्यानं माझ्याकडं बघितलं,
मग दोरा धरला, लेव्हल लावली.
जमलं.

रेघेपासून खाली पांढरा पडदा सोडलाय.
पडद्यापुढं स्टूल.
भरतीचा फॉर्म भरणारी पोरं येतात,
पेन्शनीच्या बायका येतात, पदर सारखा करतात,
आणि वर न बघताच
पाण्याखाली बसतात.

मी उजेड थोडा वाढवतो.
हनुवटी थोडी खाली.
हं.